सहप्रवासी आणि कॅमेरा : दूरपल्ल्याच्या बसमधील छायाचित्रांची संहिता

१

छायाचित्राविषयीचा मराठीतील विचार बहुधा दोन टोकांवर थांबलेला दिसतो. एका टोकाला तंत्राची चर्चा असते आणि दुसऱ्या टोकाला 'क्षण पकडला' या स्वरूपाची भावपूर्ण दाद. छायाचित्र ही एक संहिता आहे, तिलाही निवेदक असतो, दृष्टिकोन असतो, उद्देशित वाचक असतो, आणि कथनमीमांसेने कादंबरीपुढे जे प्रश्न ठेवले त्यांतील बरेचसे छायाचित्रापुढेही ठेवता येतात, ही जाणीव आपल्या समीक्षेत अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात अशा प्रश्नांचा विचार एका मर्यादित क्षेत्रात करावयाचा आहे. हे क्षेत्र म्हणजे दूरपल्ल्याच्या बसने प्रवास करणाऱ्या माणसांची छायाचित्रे.

क्षेत्र मर्यादित असले तरी क्षुल्लक नाही. अनोळखी माणसाचा चेहरा त्याला न विचारता घेण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न येथे नेहमीपेक्षा अधिक टोकदार होतो. रस्त्यावरचा माणूस निघून जाऊ शकतो. बसमधला प्रवासी ठरलेले ठिकाण येईपर्यंत आपल्या जागेला बांधलेला असतो. आणि छायाचित्रकारही तिकीट काढून त्याच गाडीत बसलेला असतो, म्हणजे तो एकाच वेळी साक्षीदारही असतो आणि सहप्रवासीही. कथनमीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर तो कथाविश्वाच्या आतला निवेदक असतो. या दुहेरी स्थानामुळे छायाचित्राच्या अर्थात काय फरक पडतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

विवेचनासाठी मुख्य उदाहरण म्हणून एस्थर बब्ली या अमेरिकी छायाचित्रकर्तीने १९४३ साली ग्रेहाउंड कंपनीच्या बसगाड्यांतून प्रवास करून काढलेली चित्रमालिका घेतली आहे. तुलनेसाठी वॉकर एव्हान्सची भुयारी रेल्वेतील चित्रे, रॉबर्ट फ्रँकचे न्यू ऑर्लिन्समधील ट्रॉलीचे चित्र आणि १९६१ साली मिसिसिपीत पोलिसांनी घेतलेली 'फ्रीडम रायडर्स'ची छायाचित्रे यांचा आधार घेतला आहे.

२

सार्वजनिक वाहनाने माणसामाणसांतील पाहण्याचे नाते बदलले, ही गोष्ट गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आणून दिली होती. एकोणिसाव्या शतकात बस, रेल्वे व ट्राम आल्या. त्याआधी माणसांना एकमेकांकडे मिनिटेच्या मिनिटे किंवा तासन्‌तास, एक शब्दही न बोलता, पाहत बसण्याची वेळ कधी आली नव्हती, असे त्याच्या निरीक्षणाचे सार आहे. वॉल्टर बेन्यामिनने बोदलेरवरील आपल्या विवेचनात या निरीक्षणाचा उपयोग करून आधुनिक महानगरातील अस्वस्थतेचे मूळ त्यात शोधले. नजर आणि संवाद यांची येथे फारकत होते. दिसते पुष्कळ, पण बोलणे होत नाही.

वॉकर एव्हान्सची न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील चित्रे म्हणजे झिमेलच्या विधानाचा जणू दृश्य पुरावाच. १९३८ ते १९४१ या काळात एव्हान्सने ३५ मिलिमीटरचा काँटॅक्स कॅमेरा कोटाखाली दडवला, भिंग दोन गुंड्यांच्या मधून बाहेर राहील अशी व्यवस्था केली, आणि बाहीतून आणलेल्या तारेने समोर बसलेल्या प्रवाशांची छायाचित्रे घेतली. त्यांतील ८९ चित्रे 'मेनी आर कॉल्ड' या पुस्तकात एकत्र आली ती १९६६ साली, म्हणजे पाव शतकानंतर. जेम्स एजीने या पुस्तकाची प्रस्तावना १९४० सालीच लिहून ठेवली होती. पुस्तक निघाले तेव्हा एजीला जाऊन अकरा वर्षे झाली होती. चित्रांतील माणसे ओळखू येऊ नयेत, निदान त्यांना त्याचा त्रास होऊ नये, एवढा काळ मध्ये जाऊ द्यावा, अशी भावना या विलंबामागे असावी असे मानण्यास जागा आहे.

एव्हान्सच्या या प्रयोगामागे एक ज्ञानमीमांसात्मक गृहीतक आहे. आपल्याला कोणी पाहत नाही असे वाटले की माणसाचा मुखवटा गळून पडतो व खरा चेहरा उघडा होतो, असे हे गृहीतक. ते तपासून घ्यावयास हवे. भुयारी रेल्वेत समोरासमोरच्या बाकांवर बसलेला माणूस मुखवट्याशिवाय नसतो. समोरच्याची नजर टाळण्याचा, काहीही न दाखवण्याचा एक खास मुखवटा त्याने चढवलेला असतो. एव्हान्सच्या चित्रांत आपण त्या माणसांचे 'अंतरंग' पाहतो असे म्हणण्यापेक्षा महानगराने शिकवलेली अलिप्तता पाहतो असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. अर्थात याने चित्रांचे मोल कमी होत नाही. लपवलेला कॅमेरा सत्याच्या अधिक जवळ जातो, हा दावा मात्र सैल पडतो. ल्यूक देलाए या फ्रेंच छायाचित्रकाराने १९९० च्या दशकात पॅरिसच्या मेट्रोत याच पद्धतीने काढलेल्या व १९९९ साली 'लोत्र' या नावाने प्रसिद्ध केलेल्या चित्रांनाही हेच विधान लागू पडते.

३

दूरपल्ल्याच्या बसची रचना याहून वेगळी असते, आणि ही भिन्नता समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे.

पहिला फरक आसनांच्या मांडणीचा. बसमधील सर्व प्रवासी एकाच दिशेने, चालकाच्या पाठीकडे तोंड करून बसतात. कोणाचाही चेहरा कोणाला सरळ दिसत नाही. दिसते ती पुढच्याची मान, खांदा, टोपी, आंबाडा. सर्वांचे चेहरे एकत्र दिसण्याची सोय फक्त चालकासमोरच्या आरशात असते. म्हणजे येथे समग्र दृष्टी ही अधिकाराच्या जागेला जोडलेली आहे. ज्याला प्रवाशांचे चेहरे हवे आहेत त्या छायाचित्रकाराला आसनावरून उठून पुढे जावे लागते आणि गाडीच्या गतीला पाठ करून उभे राहावे लागते. अशी व्यक्ती लपून राहू शकत नाही. एव्हान्सची युक्ती बसमध्ये फारशी चालणारी नाही. चित्र काढणे ही येथे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडणारी कृती होते, आणि ज्यांचे चित्र निघते त्यांना मान वळवण्याची, हसण्याची, कपाळाला आठी घालण्याची संधी मिळते.

दुसरा फरक काळाचा. भुयारी रेल्वेतला सहवास मिनिटांचा, तर बसमधला तासांचा, कधी दिवसरात्रीचा. एवढ्या वेळात अलिप्ततेचा मुखवटा टिकत नाही. शेजारी शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलक्या घेतो, डबे उघडतात, मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाते. झिमेलने सांगितलेली नजर आणि संवाद यांची फारकत लांबच्या प्रवासात हळूहळू भरून येऊ लागते. मुखवटा गळतो तो येथे. आणि तो गळतो दुसऱ्याची सवय झाल्यामुळे, त्याच्या नकळत असण्यामुळे नव्हे.

तिसरा फरक थांब्यांचा. बसचा प्रवास सलग नसतो. चहापाण्यासाठी, गाडी बदलण्यासाठी, चालक बदलण्यासाठी गाडी थांबते, आणि गाडीत ज्यांच्या फक्त माना दिसत होत्या ती माणसे उतरून समोर उभी राहतात. शिवाय १९४० च्या दशकातील फिल्मची संवेदनशीलता ध्यानात घेता, हलत्या व अंधाऱ्या गाडीत चित्र घेणे अवघडच होते. त्यामुळे थांबा ही छायाचित्रकाराची तांत्रिक गरजही होती. या तिन्ही फरकांमुळे बसमधील चित्र सुट्या चेहऱ्याकडून मालिकेकडे, म्हणजेच व्यक्तिचित्राकडून कथनाकडे झुकते.

४

एस्थर बब्ली (१९२१–१९९८) ही विस्कॉन्सिन राज्यातील फिलिप्स या गावी जन्मलेली. महायुद्धाच्या काळात ती वॉशिंग्टनमध्ये 'ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन' या शासकीय माहिती खात्यात, रॉय स्ट्रायकरच्या विभागात, आधी डार्करूममध्ये आणि पुढे छायाचित्रकर्ती म्हणून काम करू लागली. मंदीच्या काळात ग्रामीण अमेरिकेचे चित्रण करणारा स्ट्रायकरचा गट प्रसिद्धच आहे. एव्हान्स व डोरोथिया लँग हे त्याच गटातले. ही मंडळी बहुधा मोटारीने फिरत, माणसांजवळ थांबत आणि पुढे जात. १९४३ साली बावीस वर्षांच्या बब्लीला मिळालेले काम वेगळे होते. तिला बसनेच प्रवास करून बसचा प्रवास टिपावयाचा होता. पिट्सबर्ग, कोलंबस, सिनसिनाटी, लुइव्हिल, मेम्फिस अशी गावे घेत तिने हा प्रवास केला. ही चित्रे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

या प्रवासाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. युद्धामुळे पेट्रोल व रबर यांवर नियंत्रण आले होते, नव्या मोटारींचे उत्पादन थांबले होते, आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवर आणली गेली होती. एरवी स्वतःच्या मोटारीने जाणारी माणसे बसकडे वळली. त्यांत रजेवरचे सैनिक, त्यांना भेटावयास निघालेल्या बायका आणि कारखान्यांतील कामावर जाणारे मजूर यांची भर पडली. गाड्या खचाखच भरू लागल्या. राष्ट्र एकदिलाने युद्धाची झळ सोसत आहे, हे दाखवणे हा शासनाचा हेतू होता. म्हणजे या चित्रांना एक अधिकृत निवेदन आधीच नेमून दिलेले होते.

बब्लीच्या चित्रांत हे निवेदन आहेच. मेम्फिसकडे निघालेल्या गाडीत दोन आसनांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभे असलेले प्रवासी, स्थानकांवर तिष्ठत बसलेली माणसे, झोपेने पेंगुळलेले सैनिक, सामानावर डोके टेकलेल्या स्त्रिया ही चित्रे सहनशील राष्ट्राची प्रतिमा उभी करतात. परंतु एका तरुण, एकट्याने प्रवास करणाऱ्या, त्याच गर्दीत अंग चोरून बसणाऱ्या स्त्रीने ती काढली आहेत, ही गोष्ट चित्रांच्या अंतरावरून व कोनांवरून जाणवत राहते. कॅमेरा फार वर नाही, फार दूर नाही. शेजारच्या आसनावरून जेवढे दिसावे तेवढेच बहुधा दिसते. येथे निवेदकाला सर्वज्ञता नाही. चालकाच्या आरशातली समग्र दृष्टी तिच्याजवळ नाही, आणि तिने ती उसनी घेतलेलीही नाही.

या मालिकेचे दुसरे अंग तिच्या शीर्षओळींत आहे. स्ट्रायकरच्या विभागात प्रत्येक चित्राला माहितीची ओळ जोडण्याची शिस्त होती. लुइव्हिलहून नॅशव्हिलला जाताना लागणाऱ्या एका थांब्याचे चित्र आहे. त्याच्या ओळीत हा ग्रेहाउंडच्या प्रवाशांचा थांबा असल्याचे सांगून, कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी येथे वेगळी सोय आहे, अशी नोंद केलेली आहे. जॉर्जिया राज्यातील रोम या गावी तर तिने स्थानकावरील वर्णभेदाच्या पाटीचेच छायाचित्र घेतले आहे.

छायाचित्रावर लिहिलेल्या ओळीचे महत्त्व बेन्यामिनने १९३१ साली व रोलाँ बार्थने १९६४ साली आपापल्या परीने मांडले आहे. बार्थच्या मते प्रतिमेचा अर्थ अनेक दिशांना तरंगत असतो आणि शब्द त्याला एका ठिकाणी नांगर टाकून स्थिर करतात. शब्दांचे हे काम पुष्कळदा दडपणाचे असते, कारण ते अर्थाच्या इतर शक्यता बंद करतात. बब्लीच्या या ओळीबाबत मात्र उलटे घडते. 'राष्ट्र एकत्र प्रवास करीत आहे' हा शासनाला हवा असलेला अर्थ चित्रमालिकेत आधीच स्थिर झालेला होता. सोय वेगळी आहे, एवढे कोरडेपणाने नोंदवणारी ओळ त्या स्थिर अर्थाचा नांगर उचलते. कोणत्याही टीकाटिप्पणीवाचून, शासनाच्याच दफ्तरात, शासनाच्या निवेदनाला तडा जातो. बार्थच्या सिद्धान्ताला येथे एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. शब्द दडपणारे की मोकळे करणारे, हे शब्दांच्या स्वभावावर ठरत नाही. प्रतिमेवर आधी कोणाची पकड बसली आहे, यावर ते ठरते.

५

अमेरिकेच्या दक्षिणेत बसमधली जागा ही केवळ बसण्याची जागा नव्हती, तो समाजरचनेचा आराखडाच होता. पुढे कोण, मागे कोण हे कायद्याने व रिवाजाने ठरलेले. सर्वांची तोंडे एकाच दिशेला असलेल्या गाडीत पुढे बसलेल्याला मागे बसलेला दिसतच नाही. मागच्याला मात्र पुढच्याची पाठ सतत दिसत राहते. आसनांची मांडणी हीच येथे पाहण्याच्या हक्काची वाटणी असते.

रॉबर्ट फ्रँकच्या 'द अमेरिकन्स' (फ्रेंच आवृत्ती १९५८, अमेरिकी आवृत्ती १९५९) या ग्रंथातील न्यू ऑर्लिन्समधील ट्रॉलीचे चित्र याच मांडणीमुळे गाजले. ते १९५५ सालचे. ट्रॉलीच्या खिडक्यांच्या चौकटींत एकामागून एक चेहरे दिसतात : पुढे गोरे प्रौढ, मध्ये गोरी मुले, मागे कृष्णवर्णीय पुरुष व स्त्री. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला मंटगमेरी येथे रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा सोडण्यास नकार दिला. फ्रँकच्या चित्रात चौकटींची रांग वाक्यरचनेसारखी वाचता येते. एकाच दृष्टिक्षेपात समाजाचे व्याकरण उघडे होते. पण हे शक्य होण्यासाठी कॅमेरा गाडीच्या बाहेर असावा लागला, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. बाहेरून रचना दिसते. आतून शेजार दिसतो. फ्रँक आणि बब्ली यांच्यात श्रेष्ठ कोण हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. एकाने रचनेचे ज्ञान दिले, दुसरीने त्या रचनेत अंग आखडून बसण्याचा अनुभव दिला. या दोहोंतील अंतर हेच समीक्षेने जपावयास हवे.

दूरपल्ल्याच्या बसचा प्रश्न न्यायालयातही गेला होता. १९४४ साली आयरीन मॉर्गन यांनी ग्रेहाउंड बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिला व त्यांना व्हर्जिनियात अटक झाली; १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य बसमधील वर्णभेदाच्या सक्तीविरुद्ध निकाल दिला. १९६० साली बसस्थानकांतील उपाहारगृहांबाबतही तसाच निकाल झाला. हे निकाल व्यवहारात येतात का, ते पाहण्यासाठी १९६१ च्या मे महिन्यात गोरे व कृष्णवर्णीय कार्यकर्ते एकत्र बसून दक्षिणेकडे निघाले. १४ मे रोजी अलाबामातील ॲनिस्टन गावाबाहेर त्यांची ग्रेहाउंड बस जाळण्यात आली. २४ मेपासून मिसिसिपीतील जॅक्सन येथे अटकसत्र सुरू झाले आणि पुढील महिन्यांत तीनशेहून अधिक प्रवाशांना पकडण्यात आले. त्या प्रत्येकाचे, गळ्यात क्रमांकाची पाटी अडकवून, समोरून व बाजूने छायाचित्र घेण्यात आले. १ नोव्हेंबर १९६१ पासून आंतरराज्य प्रवासाच्या स्थानकांवरील वर्णभेदाच्या पाट्या उतरवण्याचा आदेश अमलात आला.

ही पोलिसी छायाचित्रे मिसिसिपी राज्याच्या 'सॉव्हरिन्टी कमिशन' या पाळत ठेवणाऱ्या संस्थेच्या दफ्तरात राहिली. हे दफ्तर १९९८ साली खुले झाले. पुढे एरिक एथरिज याने यांपैकी अनेक व्यक्तींना शोधून त्यांची नवी छायाचित्रे घेतली आणि जुन्या-नव्या चित्रांच्या जोड्या 'ब्रीच ऑफ पीस' (२००८) या पुस्तकात त्यांच्या मनोगतांसह छापल्या.

६

येथे छायाचित्राच्या नीतीविषयीचे आपले रूढ निकष अडचणीत येतात.

सुझन सोंटागने 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या पुस्तकात छायाचित्रणातील आक्रमकता दाखवून दिली. कोणाचे चित्र घेणे म्हणजे त्याला, त्याने स्वतःला कधी न पाहिलेल्या रूपात, ताब्यात घेणे, असा तिचा विचार आहे. या विचारातून अनुमतीचा निकष पुढे येतो. विचारून घेतलेले चित्र नीतीला धरून, न विचारता घेतलेले अनीतीचे. सामान्य व्यवहारात हा निकष उपयुक्त आहे यात शंका नाही. भारतातही २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिल्यानंतर या निकषाला वेगळे वजन आले आहे. पण वरील दोन उदाहरणे त्याच्यापुढे ठेवून पाहावीत.

बब्लीच्या चित्रांत झोपलेले प्रवासी आहेत. तिची सहानुभूती निःसंशय आहे. परंतु झोपलेला माणूस अनुमती देऊ शकत नाही, मान वळवू शकत नाही, आठी घालू शकत नाही. बसच्या रचनेने छायाचित्रकाराला जे उघडेपण सक्तीचे केले होते, त्यातून झोप ही एक पळवाट ठरते. एव्हान्सचा लपवलेला कॅमेरा येथे वेगळ्या मार्गाने परत येतो. कोटाचे काम प्रवाशाच्या मिटलेल्या पापण्या करतात. सहप्रवासी असल्यामुळे आपल्याला हा हक्क मिळतो, असे म्हणावे तर सहप्रवासातला विश्वासच येथे वापरला गेला आहे, असेही म्हणता येते. मालिकेच्या सौंदर्यात ही अडचण बुडवून टाकू नये.

उलट जॅक्सनची चित्रे. येथे छायाचित्रकार शत्रुपक्षातला आहे, अनुमतीचा प्रश्नच नाही, आणि चित्राचा हेतू माणसाला गुन्हेगार म्हणून नोंदवण्याचा आहे. तरीही ही छायाचित्रे अपमानित माणसांची वाटत नाहीत. कारण हे प्रवासी मुळात दिसण्यासाठीच गाडीत चढले होते. अटक होणार हे त्यांना ठाऊक होते. कोणत्या आसनावर बसावयाचे, कोणत्या प्रतीक्षागृहात शिरावयाचे हे त्यांनी ठरवून केले होते. पोलिसांच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहणे हा त्यांच्याच कृतीचा शेवटचा टप्पा होता. चित्र पोलिसांनी काढले, पण त्याचे कर्तृत्व प्रवाशांकडे राहिले.

यावर असा आक्षेप येईल की हा अर्थ इतिहासाने नंतर दिलेला आहे. फ्रीडम रायडर्स यशस्वी झाले म्हणून ती चित्रे आज अभिमानाची वाटतात. चळवळ फसली असती तर तीच चित्रे गुन्हेगारांच्या दफ्तरात पडून राहिली असती. या आक्षेपात तथ्य आहे. चित्राचा अर्थ त्याच्या पुढील प्रवासावर अवलंबून असतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण म्हणूनच निकष केवळ चित्र घेण्याच्या क्षणाशी बांधून चालणार नाही. चित्रातील माणसाला बोलण्याची जागा चित्राच्या संहितेत कोठे तरी उरली आहे का, आणि नंतर तरी ती त्याला मिळू शकते का, हा प्रश्न अनुमतीच्या प्रश्नाला जोडून विचारावा लागेल. एथरिजच्या पुस्तकाचे महत्त्व येथे आहे. त्याने चित्रातील माणसांना परत बोलावले आणि त्यांच्याच चित्राची शीर्षओळ त्यांना लिहू दिली. एव्हान्सच्या प्रवाशांना अशी जागा मिळाली नाही. पाव शतकाच्या विलंबाने त्यांना संरक्षण मिळाले असेल, वाणी मिळाली नाही.

बार्थने 'कॅमेरा ल्यूसिडा' (१९८०) या ग्रंथात छायाचित्रातील नकळत टोचणाऱ्या तपशिलाचा विचार मांडला. त्या विचारात सर्व सत्ता पाहणाऱ्याकडे आहे. टोचते ते पाहणाऱ्याला. चित्रातल्या माणसाला काय टोचले असेल, हा प्रश्न त्या मांडणीत क्वचितच येतो. सहप्रवाशाच्या छायाचित्राने हा प्रश्न टाळता येत नाही, एवढे या उदाहरणांवरून म्हणता येईल.

७

या चर्चेचा मराठी साहित्यविचाराशी संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध दोन ठिकाणी आहे.

मराठीत 'व्यक्तिचित्र' हा वाङ्मयप्रकार समृद्ध आहे, आणि त्याचे नावच दृश्य कलेतून घेतलेले आहे. पण व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) पासून पाहिले तर हे चित्र परिचयावर उभे राहते. लेखकाला ते माणूस, त्याचे गाव, त्याचे बोलणे ठाऊक असते. सहप्रवाशाच्या चित्रणात ही अटच नाही. तेथे परिचय नाही आणि पूर्ण अपरिचयही नाही. काही तासांचा, पुढे न टिकणारा शेजार आहे. या शेजाराचे वाङ्मयीन रूप पाहावयाचे तर पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कथेकडे जावे लागते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एस.टी. काही वर्षांतच महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनाचे रंगस्थळ झाली, याची ती कथा उत्तम साक्ष आहे. कोकणच्या रस्त्यावर म्हैस आडवी येते, गाडी थांबते, आणि गाडी थांबल्याबरोबर प्रवासी बोलू लागतात. तोवर एकमेकांच्या माना पाहणारी माणसे आता आपापल्या हुद्द्यांसह, बोलींसह, अहंकारांसह प्रकट होतात. बब्लीच्या मालिकेत थांब्याला जे स्थान आहे तेच येथे अपघाताला आहे. कथन सुरू होते ते गाडी थांबल्यावर. फरक एवढाच की पु. लं.चे प्रवासी आवाजांनी ओळखू येतात आणि म्हणून प्रत्येकाला उत्तर देण्याची संधी मिळते. विनोद कोणाचाही होवो, बोलणे त्याचेच राहते. छायाचित्राला ही सोय नाही. ती त्याला शीर्षओळीतून, मालिकेतून किंवा एथरिजसारख्या पुनर्भेटीतून मिळवावी लागते.

दुसरा संबंध भाषेचा. मराठीत 'प्रवासी' या शब्दाशेजारी 'उतारू' हा शब्द आहे. गाडीत बसलेल्या माणसाला आपल्या भाषेने त्याच्या उतरण्यावरून नाव दिले. तो येथे राहणारा नाही, त्याचे ठिकाण आले की तो जाणार आहे, ही जाणीव त्या शब्दात आहे. छायाचित्र या जाणिवेला अडवते. उतारू उतरून गेल्यावरही त्याचा चेहरा गाडीतच राहतो, आणि तो कोणाच्या हाती पडेल यावर त्याचा ताबा नसतो. हातोहाती मोबाइल आल्यापासून हा प्रश्न छायाचित्रकारांपुरता उरलेला नाही. शेजारी पेंगणाऱ्या माणसाचे चित्र काढून हसण्यासाठी ते शेकडो जणांना पाठवणे हा आज क्षणाचा खेळ झाला आहे. त्या चित्राला स्ट्रायकरच्या विभागाची शिस्तबद्ध ओळ नसते, एव्हान्सचा पाव शतकाचा संकोचही नसतो. थट्टेची ओळ मात्र असते, आणि ती दुसऱ्यानेच लिहिलेली असते.

म्हणून सहप्रवाशाच्या छायाचित्राचे वाचन करताना सौंदर्याच्या प्रश्नाआधी काही साधे प्रश्न विचारावे लागतील. कॅमेरा कोणत्या आसनावर बसला आहे? तो आत आहे की बाहेर, आरशाच्या जागी आहे की शेजारी? चित्राखालची ओळ कोणाची आहे, आणि ती कोणाच्या अर्थाला धक्का देते? चित्रातील माणसाला मान वळवता आली असती का, आणि आली नसेल तर त्याला बोलण्याची जागा नंतर कोणी दिली का? बब्लीची मालिका या प्रश्नांना सर्वत्र समाधानकारक उत्तरे देते असे नाही. तिचे झोपलेले प्रवासी अजून अनुत्तरित आहेत. पण तिच्या चित्रांनी हे प्रश्न विचारणे शक्य केले, कारण ती स्वतः तिकीट काढून त्याच गाडीत बसली होती. तिच्याजवळ समग्र दृष्टी नव्हती, आणि तिच्या चित्रांना विश्वसनीयता आली आहे ती या उणिवेमुळेच.